कोंबडीच्या रक्तातून पांढऱ्या पेशी काढताना आधी तांबडी पेशी ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी लेअर (अंडी देणाऱ्या) कोंबड्यांच्या रक्तातले लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, हवे आहेत. सिन्नरकडच्या एका शेडवरून पंखाच्या शिरेतलं रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेल्या नळीत आणलं. पहिल्या वेळी अमोनियम क्लोराइडने तांबड्या पेशी फोडल्या, तर नळीत गुलाबी चिकट गोळा झाला, पिपेटमध्ये ओढताच येईना. दुसऱ्या वेळी १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या दाट द्रावणावर) रक्त सोडून सेंट्रिफ्यूज यंत्रात ४०० जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने, अर्धा तास फिरवलं. पांढरा थर छान दिसला, ट्रायपॅन ब्लूने ९८ टक्के पेशी जिवंत आल्या, आकडाही भरपूर आला. पण कल्चरमध्ये दोन दिवसांत निम्म्याहून जास्त पेशी मेल्या. त्या विचारतात, "माणसाच्या रक्तावर हीच पद्धत दरवेळी चालते, मग इथे कुठे चुकतंय?"

मी पोल्ट्रीच्या रोगनिदान प्रयोगशाळेत वीस वर्षांहून जास्त काम केलं आहे आणि हा गुलाबी गोळा मी स्वतःच्या नळीतही पाहिला आहे. तुमचा हात चुकलेला नाही. तुम्ही वापरलेली पद्धत माणसाच्या रक्ताचा एक गुण धरून चालते आणि तो गुण पक्ष्याच्या रक्तात नसतो. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. कोंबडीच्या प्रत्येक तांबड्या पेशीत असतं. तुमच्या दोन्ही वेळच्या अडचणी बहुतेक या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

आधी गोळ्याचं बघू. अमोनियम क्लोराइडमध्ये तांबडी पेशी पाणी ओढून फुगते आणि फुटते. माणसाच्या बाबतीत हिमोग्लोबिन बाहेर पडतं, रिकामं कवच उरतं आणि धुताना निघून जातं. कोंबडीच्या पेशीचं आवरण फुटलं तरी केंद्रक तसंच राहतं आणि फिरवल्यावर पांढऱ्या पेशींबरोबर तळाला बसतं. द्रावणात जरा जास्त वेळ राहिलं किंवा पिपेटने जोरात वरखाली केलं की केंद्रकंही फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो. किती येतो ते मांडून बघा. कोंबडीच्या १ मायक्रोलिटर रक्तात साधारण २५ ते ३० लाख तांबड्या पेशी असतात, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये अडीचशे ते तीनशे कोटी. एका पेशीत सुमारे अडीच पिकोग्रॅम डीएनए धरला तरी १ मिलिलिटर रक्तात ६ ते ७ मिलिग्रॅम डीएनए होतो. माणसाच्या तेवढ्याच रक्तातून ३० ते ४० मायक्रोग्रॅम मिळतो, कारण तो फक्त पांढऱ्या पेशींचा असतो. दीडशे-दोनशे पट फरक झाला. एवढा डीएनए ५ मिलिलिटर द्रावणात मोकळा झाला की त्याला पाकासारखी तार सुटणारच, आणि त्या तारेत तुमचे लिम्फोसाइट अडकून बसतात.

काही जण सांगतील की डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला, मॅग्नेशियम घाला, गोळा विरघळेल. विरघळतो. मीही अडलेल्या वेळी तसं केलं आहे. पण ती नळी वाचवायची धडपड असते, तिला पद्धत म्हणता येणार नाही. शिवाय तुमच्या नळीत ईडीटीए आहे, तो मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि डीएनएजला ते मिळत नाही, हेही लोक विसरतात. पक्ष्याच्या रक्तात तांबड्या पेशी फोडायच्या नाहीत, खाली बसवायच्या. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगत असे.

आता रक्त काढण्याचं सांगते, कारण निम्मं काम शेडवरच बनतं किंवा बिघडतं.

पंखाच्या आतल्या बाजूला कोपराजवळून जाणारी शीर तुम्ही निवडली, ती योग्यच आहे. एकाने पक्षी आडवा धरायचा, दोन्ही पाय एका हातात, पंख मोकळा पसरायचा. चार-दोन पिसं उपटून स्पिरिटचा बोळा फिरवला की काळी-निळी शीर त्वचेखाली स्पष्ट दिसते. २३ किंवा २४ गेजची सुई शिरेच्या दिशेने, जवळजवळ आडवी घालायची आणि सिरिंजचा दट्ट्या हळू ओढायचा. जोरात ओढला तर शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. सुई काढल्यावर अंगठ्याने निदान एक मिनिट दाबून धरा, कारण या शिरेतलं रक्त त्वचेखाली फार लवकर पसरतं आणि पाहता पाहता पंखाखाली निळं गाठोडं तयार होतं. शेडवाल्याला ते दिसलं की पुढच्या वेळी तो पक्षी देत नाही आणि त्याचं बरोबर असतं. दीड किलोच्या पक्ष्यातून १ टक्का, म्हणजे १५ मिलिलिटरपर्यंत रक्त घेतलं तरी निरोगी पक्षी सावरतो, पण तुम्हाला २-३ मिलिलिटरच्या वर लागणार नाही. लागत नाही तेवढं घेऊच नये.

सुई एकाच खेपेत शिरेत जाणं इथे फार महत्त्वाचं आहे. पक्ष्यांच्या रक्तात फॅक्टर १२ हे गोठण्याच्या कामातलं प्रथिन नसतं. काचेचा किंवा नळीचा स्पर्श झाला म्हणून त्यांचं रक्त पटकन गोठत नाही, पण इजा झालेल्या मांसातला रस रक्तात मिसळला की भराभर गोठतं. सुई दोनदा चुकून मांसातून फिरली की नळीत बारीक गुठळ्या येतात. डोळ्यांना त्या दिसतीलच असं नाही, पण थ्रोम्बोसाइट (पक्ष्यांच्या रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकांना चिकटून त्यात पांढऱ्या पेशी ओढून घेतात. अशा नळीतून निम्मंच उत्पन्न येतं आणि माणूस फायकॉलला दोष देत बसतो. पहिली खेप चुकली तर सुई बदला आणि दुसऱ्या पंखाला जा. चिकनच्या दुकानातून कापलेल्या कोंबडीचं रक्त आणून हात बसवायचा असेल तर पहिली धार सोडून द्या, कारण त्यातच मानेच्या मांसाचा रस सर्वांत जास्त असतो. मधली धार थेट ईडीटीए घातलेल्या नळीत घ्या आणि नळी लगेच हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा.

रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए की हेपॅरिन? कोंबडीच्या स्लाइडवर पेशींचं रूप बघायचं असेल तर ईडीटीए. हेपॅरिनमध्ये पांढऱ्या पेशी गठ्ठे करतात आणि रंगवल्यावर स्लाइडला निळसर झाक येते. पेशी कल्चरला लावायच्या असतील तर बरेच जण हेपॅरिन घेतात, कारण ईडीटीए कॅल्शियम काढून घेतो आणि पेशीला काम करायला कॅल्शियम लागतो. मी कोंबडीसाठी ईडीटीएतच रक्त घेत आले आणि पुढे कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएसने (पेशी धुण्याच्या फॉस्फेटच्या खाऱ्या द्रावणाने) तीनदा धुऊन तो काढून टाकला. त्यात मला थ्रोम्बोसाइटचे गठ्ठे कमी दिसले. एक खबरदारी सांगून ठेवते. कोंबडीला चालतं ते सगळ्या पक्ष्यांना चालत नाही. कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांचं आणि शहामृगाचं रक्त ईडीटीएत फुटतं, तिथे हेपॅरिनच लागतं.

पक्षी घाबरवू नका. ही दयेची गोष्ट आहेच, पण आकड्यांचीही आहे. ताण पडलेल्या पक्ष्याच्या रक्तात हेटेरोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये हेच गुणोत्तर कोंबडीतल्या ताणाचं माप म्हणून मांडलं आणि आजही ते वापरलं जातं. अर्धा तास पाठलाग करून पकडलेली कोंबडी आणि पहाटेच्या अंधारात अलगद उचललेली कोंबडी, दोघींच्या रक्ताचं चित्र सारखं येईलच असं नाही. सिन्नरच्या बाजूला मी ज्यांच्याकडे जात असे ते गृहस्थ सांगायचे, "मॅडम, उजाडायच्या आत या, पक्षी बसलेला असतो तोवर काम उरका." त्यांचा हा एक सल्ला मी आयुष्यभर पाळला.

रक्त बर्फात घालून आणू नका. नळ्या कापडात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा. एप्रिल-मे महिन्यात डब्यात थंड पाण्याची बाटली ठेवा, पण नळीला टेकू देऊ नका. सिन्नर ते नाशिक तासाभराचा रस्ता आहे, तेवढ्यात काही बिघडत नाही. चार-पाच तासांच्या आत फिरवायला घ्या. रात्रभर ठेवलेल्या रक्तातून थर येतो, पण हेटेरोफिल बिघडलेले असतात आणि तांबड्या पेशी त्या थरात जास्त चढतात.

आता मुख्य काम. मी दोन टप्प्यांत करते. आधी हळू फिरवणं, मग फायकॉल.

कोंबडीची तांबडी पेशी लंबगोल असते, लांबीला सुमारे १२ मायक्रोमीटर, आणि पांढऱ्या पेशीपेक्षा जड. म्हणून हळू फिरवलं तर ती आधी खाली जाते आणि पांढऱ्या पेशी मागे रेंगाळतात. ५० ते ६० जीला १५ ते २० मिनिटं, ब्रेक पूर्ण बंद. इथे बहुतेक जण घसरतात, कारण कागदावर जी लिहिलेला असतो आणि यंत्रावर फेरे. १.११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले मिनिटाचे फेरे यांचा वर्ग, आणि त्याला एक लाखाने भागा, हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवा. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ६० जीला सुमारे ५८० फेरे येतात, १० सेंटिमीटर असेल तर ७३०. तुमचे ४०० जी खरोखर ४०० होते का, तेही तपासा. १५०० फेऱ्यांना १६ सेंटिमीटरच्या रोटरमध्ये ४०० जी मिळतात, पण १० सेंटिमीटरच्या छोट्या यंत्रात जेमतेम २५०. कॉलेजात यंत्र बदलतं आणि वहीतला फेऱ्यांचा आकडा तोच राहतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्रिज्या मोजताना मध्यापासून नळीच्या तळापर्यंत मोजा, नळी आडवी झालेली धरून. शक्यतो नळ्या आडव्या होणारा स्विंग-आउट रोटरच वापरा. तिरक्या भोकांच्या रोटरमध्ये थर तिरका बसतो आणि काढताना मिसळतो.

यंत्र आपोआप थांबू द्या. नळी बाहेर काढताना ती हलकीशीही तिरकी करू नका, उजेडासमोर धरा. तळाला गर्द लाल, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या मध्ये दुधावर नुकती साय धरावी तसा विरळ पांढुरका पडदा. प्लाझ्माही नेहमीइतका स्वच्छ नसतो, धुक्यासारखा गढूळ दिसतो. ते गढूळपण म्हणजेच तुमच्या पांढऱ्या पेशी आणि थ्रोम्बोसाइट, म्हणून तो प्लाझ्मा फेकू नका. नळी उभी धरून मनगटाने एकदा-दोनदा गोल फिरवा, म्हणजे साय प्लाझ्मात उचलली जाते आणि लाल थर जागेवर राहतो. मग पाश्चर पिपेटने प्लाझ्मा आणि साय मिळून काढून घ्या, लाल थराच्या दोन मिलिमीटर वर थांबा. त्या दोन मिलिमीटरचा मोह आवरला नाही तर मागे सोडलेल्या तांबड्या पेशी पुन्हा नळीत येतात. पहिल्या चार-पाच वेळा तुमच्या रोटरसाठी योग्य वेळ कोणती ते शोधावं लागेल. १२ मिनिटांना प्लाझ्मा लालसर असेल तर १५ करा. प्लाझ्मा अगदी काचेसारखा स्वच्छ झाला असेल तर जास्त फिरवलं आहे, पांढऱ्या पेशीही खाली गेल्या.

हा गढूळ प्लाझ्मा तेवढ्याच पीबीएसमध्ये मिसळून फायकॉलवर सोडा. नळी तिरकी धरून भिंतीवरून थेंबथेंब, दोन्हींमधली रेघ मोडता कामा नये. ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद.

फायकॉलच्या तापमानाकडे नाशिकमध्ये विशेष लक्ष द्यावं लागतं. बाटलीवर लिहिलेली १.०७७ ही घनता खोलीच्या साधारण तापमानाला, २० अंशांच्या आसपास धरलेली असते. जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्याही खाली जातो. त्या दिवसांत सकाळी नऊला शहरातली प्रयोगशाळासुद्धा गारठलेली असते, आणि फ्रिजमधून काढलेली बाटली तासाभरात २० अंशांवर येत नाही. थंड फायकॉल दाट असतं, तांबड्या पेशी त्यातून नीट उतरत नाहीत आणि थर गुलाबी येतो. उलट एप्रिलमध्ये एसी नसलेल्या खोलीत, बराच वेळ चाललेल्या यंत्राच्या पोटात तापमान पस्तिशीपुढे जातं. फायकॉल पातळ होतं आणि काही लिम्फोसाइट थरात न थांबता खाली निघून जातात. म्हणून बाटली आदल्या रात्रीच बाहेर काढा, पारा वहीत लिहा, आणि यंत्राला तापमान लावता येत असेल तर २० वर ठेवा. मी दोन वर्षांच्या वह्या काढून गुलाबी थराच्या तारखा पाहिल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक डिसेंबर-जानेवारीच्या निघाल्या. तोवर मी रक्त काढणाऱ्या मुलांवर रागावत होते.

फायकॉलचं हे तंत्र नॉर्वेच्या आर्ने बॉयम यांनी १९६८ मध्ये माणसाच्या रक्तासाठी बसवलं आणि १.०७७ हा आकडा माणसाच्या पेशींवरून आला आहे. कोंबडीच्या लिम्फोसाइटना तो चालतो. अडचण थ्रोम्बोसाइटची आहे आणि तुमच्या दुसऱ्या वेळच्या कोड्याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

माणसात रक्त गोठवण्याचं काम प्लेटलेट करतात, म्हणजे दोन-तीन मायक्रोमीटरचे बिनकेंद्रकाचे तुकडे. धुताना हळू फिरवलं की ते वरच्या पाण्यात तरंगत राहतात आणि ओतून जातात. पक्ष्यात तेच काम करणारा थ्रोम्बोसाइट ही पूर्ण पेशी असते, केंद्रकासकट, आकाराने जवळजवळ लहान लिम्फोसाइटएवढी. घनताही तशीच असल्याने तो फायकॉलवर त्याच थरात येऊन बसतो आणि कितीही हळू धुतलं तरी पूर्ण जात नाही. कोंबडीच्या रक्तात त्यांची संख्या पांढऱ्या पेशींइतकी किंवा त्याहून जास्त असते. तुमचा "भरपूर" आकडा त्यांचाच असावा. शरीराबाहेर ते फार काळ टिकत नाहीत. ९८ टक्के जिवंत आणि दोन दिवसांनी निम्मे मेलेले, याचा अर्थ मला असा दिसतो की मेलेल्यांपैकी बऱ्याचशा पेशी लिम्फोसाइट नव्हत्याच. तुमचे लिम्फोसाइट कदाचित अजून ठीक असतील.

ट्रायपॅन ब्लूने हे कळणार नाही. तो रंग फक्त आवरण शाबूत आहे का एवढंच सांगतो. शाबूत थ्रोम्बोसाइट, शाबूत तांबडी पेशी, शाबूत लिम्फोसाइट, तिघेही त्याला पांढरेच दिसतात. माणसाच्या नमुन्यात चुकून राहिलेली तांबडी पेशी केंद्रक नसल्याने सहज वेगळी कळते, इथे नाही. स्वयंचलित रक्तमोजणी यंत्रावरही विसंबू नका. माणसासाठी बसवलेलं यंत्र केंद्रक असलेली प्रत्येक पेशी पांढरी समजतं आणि लाखांत आकडा देतं. रक्तातली मूळ मोजणी हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या रेघा आखलेल्या काचेवर), नॅट आणि हेरिक यांच्या द्रावणाने करा. १९५२ पासून पक्ष्यांसाठी हीच पद्धत चालत आली आहे. रक्त १:२०० विरळ करतात, मिथाइल व्हायोलेटने पांढऱ्या पेशी गडद होतात आणि तांबड्या फिक्या राहतात. निरोगी कोंबडीत १ मायक्रोलिटरला १२ ते ३० हजार पांढऱ्या पेशी सापडतात. समजा २० हजार आल्या, तर १ मिलिलिटरमध्ये त्या एकूण दोन कोटी होतात. त्यातल्या निम्म्या जरी एककेंद्रकी पेशी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट) म्हणून हाती आल्या तरी काम चांगलं झालं. तुम्हाला १ मिलिलिटर रक्तातून चार-पाच कोटी मिळत असतील तर आनंद मानू नका, काहीतरी दुसरं मोजलं जात आहे.

म्हणून शेवटच्या धुण्यानंतर त्यातला एक थेंब स्लाइडवर पसरून, वाळवून, लीशमन किंवा गिम्साने रंगवायचाच. याला पर्याय मला सापडला नाही. लिम्फोसाइटचं केंद्रक गोल, आणि भोवती निळसर पेशीद्रवाची बारीक कड. थ्रोम्बोसाइटचं केंद्रक जास्त काळं आणि घट्ट, भोवतीचा द्रव रंगहीन, काचेसारखा, बऱ्याचदा त्यात एखादा बारीक पोकळ ठिपका किंवा टोकाला लालसर दाणा. थ्रोम्बोसाइट चार-सहाच्या पुंजक्यात सापडतात, लिम्फोसाइट सुटे. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच वाटतील. शंभर पेशी मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर, आठवड्यात डोळा बसतो. लालसर द्रवाची गोल पेशी दिसली तर ती कोवळी तांबडी पेशी आहे. कोवळ्या पेशी पक्व पेशीपेक्षा हलक्या असतात आणि फायकॉलवर राहतात. रक्त कमी झालेल्या पक्ष्यात त्या जास्त असतात, तिथे तुमची पद्धत निर्दोष असली तरी थर गुलाबी येणार.

थ्रोम्बोसाइट कमी करायचे असतील तर पेशी धुताना सगळीकडे कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएस वापरा, म्हणजे ते गठ्ठा करणार नाहीत. नंतर कल्चरच्या प्लास्टिक थाळीत दोन तास ठेवा. चिकटणाऱ्या पेशी, म्हणजे मोनोसाइट आणि बरेच थ्रोम्बोसाइट, तळाला बसतात आणि वर तरंगणारे लिम्फोसाइट काढून घेता येतात. अगदी शुद्ध हवे असतील तर अँटिबॉडी लावून वेगळे करण्याशिवाय मार्ग नाही आणि तो महाग आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ८० टक्के लिम्फोसाइट आणि उरलेले कोण आहेत याचा प्रामाणिक तक्ता पुरतो.

कल्चरचंही विचारते, इनक्यूबेटर किती अंशांवर होता? ३७ असेल, कारण बहुतेक ठिकाणी तो आधीपासून ३७ वरच लावलेला असतो. कोंबडीचं अंग ४१ ते ४२ अंश असतं. तिच्या लिम्फोसाइटना ४० ते ४१ ला ठेवा, आणि पाण्याचं भांडं भरलेलं आहे ना ते रोज बघा, त्या तापमानाला थाळी लवकर सुकते.

हेटेरोफिल तुम्हाला नको आहेत, तरी पुढे कधी लागतील म्हणून थोडक्यात सांगते. माणसातल्या न्यूट्रोफिलचं काम पक्ष्यात हेटेरोफिल करतो. त्यात विटकरी रंगाचे सळईसारखे दाणे असतात आणि मायलोपेरॉक्सिडेज नसतं, म्हणून त्या एन्झाइमवर चालणारे न्यूट्रोफिलचे किट इथे काही दाखवत नाहीत. ते मिळवायला रक्तात तेवढंच १ टक्का मिथाइल सेल्युलोज मिसळून २५ ते ३० जीला फिरवतात, तांबड्या पेशी गठ्ठ्याने खाली बसतात. वरचा भाग दुहेरी थरावर सोडतात, वर १.०७७ आणि खाली १.११९ घनतेचा, आणि २५० जीला तासभर. एककेंद्रकी पेशी वरच्या रेघेवर थांबतात, हेटेरोफिल दोन्ही थरांच्या सीमेवर आणि खालच्या थरात मिळतात.

पेशी जिवंत आहेत की नाहीत याचा मी इतका आग्रह का धरते, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. एका लेअर कळपात मर वाढली होती, पक्षी एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसत होते. मारेक, हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग, असणार हे दिसत होतं. मारेकचा विषाणू रक्तात सुटा फिरत नाही, तो लिम्फोसाइटच्या आत असतो. तो वेगळा काढायचा तर जिवंत लिम्फोसाइट कल्चरवर सोडावे लागतात. चोवीस पक्ष्यांचं रक्त आणलं, संध्याकाळ झाली होती. मी पांढऱ्या पेशी काढल्या आणि उद्या बघू म्हणून पीबीएसमध्येच उणे २० अंशांच्या फ्रीझरला ठेवल्या. सकाळी वितळवल्या तेव्हा एकही पेशी शाबूत नव्हती, बर्फाच्या सुयांनी सगळ्या फोडल्या होत्या. पेशी गेल्या, त्यांच्याबरोबर विषाणूही गेला. पुन्हा नमुने घ्यायला फोन केला तर मालकाने आदल्या दिवशीच कळप विकला होता. त्याला पुढच्या पिलांच्या लसीबद्दल नक्की सांगता आलं नाही, हे मला आजही लागून राहिलं आहे. गोठवायच्याच असतील तर १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रव्यात), मिनिटाला एक अंश या गतीने, आणि नंतर द्रव नायट्रोजनमध्ये. पोल्ट्रीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हॅचरीतली मारेकची एचव्हीटी लस ते द्रव नायट्रोजनच्या कॅनमधूनच आणतात, कारण त्या लसीतही जिवंत पेशीच असतात.

डीएनए किंवा आरएनए काढायचा असेल तर तांबड्या पेशींचा हिशोब आणखी कडक ठेवा. शंभर पेशींत दहा तांबड्या राहिल्या तर दहा टक्के डीएनए त्यांचा असतो, कारण प्रत्येकीत लिम्फोसाइटइतकाच डीएनए आहे. मारेकच्या विषाणूचं प्रमाण पीसीआरने मोजताना दोन नमुन्यांत तांबड्या पेशी कमीजास्त असतील, तर जो फरक दिसेल तो आजाराचा नसून तुमच्या पिपेटचा असेल.

परवानगीबद्दल गाइडशी आजच बोला. प्रकल्पासाठी जिवंत पक्ष्याचं रक्त घ्यायला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते. नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे म्हणून पाणपक्ष्यांचा विचार कुणी सुचवला तर नाही म्हणा, वन्य पक्ष्याला हात लावायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी हवी. आणि ज्या शेडमध्ये अचानक मर सुरू झाली आहे तिथे रक्त काढायला जाऊच नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. असा संशय आला तर पशुसंवर्धन खात्याला कळवायचं, ते नमुने भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत जातात. निरोगी शेडवरही मास्क, हातमोजे आणि त्याच शेडवर ठेवायची चप्पल, आणि एका दिवसात दोन शेड करायचे नाहीत.

पुढच्या खेपेला एकाच पक्ष्याचं ३ मिलिलिटर रक्त आणा आणि १-१ मिलिलिटरच्या तीन नळ्या करा. पहिली हळू फिरवून मग फायकॉलवर, दुसरी तुम्ही केलं तसं थेट फायकॉलवर, तिसरी फक्त हळू फिरवून. तिन्हींच्या स्लाइड एकाच वेळी रंगवा, प्रत्येकीवर दोनशे पेशी मोजा, आणि लिम्फोसाइट, थ्रोम्बोसाइट, तांबड्या, इतर अशा चार रकान्यांत लिहा. खोलीचं तापमान आणि रोटरची त्रिज्या वर लिहायला विसरू नका. तो तक्ता पाठवा, त्यावरून कितव्या मिनिटाला थांबायचं ते मी सांगते.